बर्फ न पडलेल्या हिवाळ्याचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. मला लहानपणापासून बर्फाचं वेड आणि आता आठ वर्षांच्या मुलालाही ते लागलंय. ऑक्टोबरमध्येच घसरगाडी आणून ठेवली. ॲपमध्ये दहा दिवसांनंतरच्या तारखेवर बर्फाचं चिन्ह दिसतं, आम्ही आशेवर राहतो, आणि तारीख जवळ आली की त्याचा पाऊस होतो. यंदा अर्धा फेब्रुवारी संपला तरी कणभरही बर्फ नाही. रात्री तीनला उठून नकाशे बघते आणि सकाळी सगळ्यांवर चिडते. घरचे म्हणतात, हा काय वाईट वाटून घ्यायचा विषय आहे? तुम्ही इतकी वर्षं इथे हवामानाचंच काम करता. तुम्ही हे कसं सोसता?

उत्तर:

वाईट वाटून घ्यायचाच विषय आहे. ऑक्टोबरपासून एखाद्या गोष्टीची वाट बघायची आणि ती यायचीच नाही, तर मन खट्टू होणारच. मी हिवाळ्यात रस्त्यांसाठी अंदाज देते. आज रात्री रस्ता गोठेल का, मिठाच्या गाड्या किती वाजता काढायच्या, मीठ किती टाकायचं, हे रोज दुपारी काउन्सिलच्या लोकांना सांगायचं. बर्फ पडला की माझ्या कामाचे तास वाढतात, तरी तो पडावा असं मला दर वर्षी मनापासून वाटतं.

पण एक गोष्ट आधीच सांगते. तुम्हाला दमवलंय ते बाहेरच्या हवामानाने कमी आणि फोनमधल्या दहाव्या दिवसाने जास्त. यंदा बर्फ पडलाच नाही, पण तुमच्या घरात तो कितीदा तरी पडला आणि तितक्याच वेळा वितळला. बर्फाशिवायचा एक हिवाळा निभावून नेता येतो. दर आठवड्याला नवी आशा आणि नवी निराशा, हे मात्र कुणालाच झेपत नाही. त्यावर उपाय आहे. त्यासाठी इथला बर्फ कसा पडतो हे समजून घ्यायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेडिंग साधारण ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कॅनडातलं विनिपेग त्याच्याही दक्षिणेला, आणि तिथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असतं. तुमच्याकडे अधिक ५ च्या आसपास. हा सगळा फरक वाऱ्याचा आणि समुद्राचा. इथे वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून वा पश्चिमेकडून येतो, तोही उबदार अटलांटिकवरून. हिवाळ्यात या देशात बर्फ पडायचा तर आधी हा नेहमीचा वारा थांबायला हवा, आणि तो सहजी थांबत नाही.

ब्रिटिश हवामान खात्याची १९८१ ते २०१० ची सरासरी सांगते की या देशात वर्षाला २३.७ दिवस बर्फ किंवा पाऊस-बर्फाची सरमिसळ पडते. आकडा वाचून हुरूप येतो, पण त्यात स्कॉटलंडचे डोंगरही मोजलेले आहेत. केर्नगॉर्म्समध्ये ७६ दिवस, तर कॉर्नवॉलमध्ये जेमतेम ७. शिवाय पडणं वेगळं, साचणं वेगळं. ‘व्हाइट ख्रिसमस’चंच घ्या. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत बर्फाचा एक कण पडताना दिसला तरी खात्याच्या नोंदीत तो नाताळ पांढरा ठरतो. आपण चित्रात बघतो तसा, देशातला बराच भाग पांढरा असलेला नाताळ १९६० नंतर १९८१, १९९५, २००९ आणि २०१० एवढ्याच वेळा झाला. तेव्हा दक्षिण इंग्लंडच्या सखल भागात एखादा हिवाळा कोरा जाणं यात अघटित काही नाही. तुमचं नशीब फुटलेलं नाही, हे मुलालाही सांगा.

बर्फाला थंडी आणि ओल एकाच वेळी एकाच जागी लागतात. या बेटावर ओल अटलांटिककडून येते आणि येताना ऊबही घेऊन येते. थंडी पूर्वेकडून किंवा उत्तरेकडून येते, ती बहुधा कोरडी. दोघींची गाठ पडते त्या पट्ट्यात बर्फ पडतो, आणि तो पट्टा कधी कधी पन्नास किलोमीटरसुद्धा रुंद नसतो.

ही गाठ दोन-तीन प्रकारे पडते. एक म्हणजे पूर्वेचा वारा. स्कँडिनेव्हियावर जास्त दाबाचं ठाण बसलं की रशियाकडची हवा उत्तर समुद्रावरून इकडे येते. ती वरच्या थरात उणे १०, उणे १२ असते आणि खालचं पाणी ६-७ अंशांचं, त्यामुळे समुद्रावर ढग उठतात आणि बर्फाच्या सरी किनाऱ्यावर आदळतात. केंट, एसेक्स, पूर्व लंडन यांना त्या भरपूर मिळतात. रेडिंगपर्यंत येता येता त्यांचा दम संपतो. म्हणून ‘पूर्वेकडून बर्फ येतोय’ अशी बातमी आली की लंडनच्या पूर्वेच्या लोकांनी खूश व्हावं, तुम्ही जरा थांबावं.

तुमच्या भागाला खरा बर्फ मिळतो तो दुसऱ्या प्रकारात. थंड हवा आधीच येऊन बसलेली असते आणि दक्षिणेकडून किंवा नैर्ऋत्येकडून एखादा कमी दाबाचा पट्टा तिच्या अंगावर हळूहळू चढतो. २१ डिसेंबर २००९ ला बेसिंगस्टोकमध्ये हजारो लोक गाड्यांमध्ये आणि दुकानांमध्ये अडकले. पाठोपाठ ५ आणि ६ जानेवारी २०१० ला हॅम्पशर आणि बर्कशरवर रात्रभर बर्फ पडत राहिला. ७ जानेवारीला नासाच्या उपग्रहाने काढलेल्या छायाचित्रात ग्रेट ब्रिटनचं सगळं बेट टोकापासून टोकापर्यंत पांढरं दिसतं. ते छायाचित्र मुलाला जरूर दाखवा. त्यात तुमचं गावही आहे.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, आणि तो तुम्हाला स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येईल. समजा संध्याकाळी पाचला बाहेर ३ अंश आहेत. ॲप म्हणतं पाऊस. पण हवा कोरडी आहे, दवबिंदू (हवा ज्या तापमानाला गार झाली की तिच्यातली वाफ दव होऊन जमू लागते ते तापमान) उणे ३. पाऊस सुरू होतो. पहिले थेंब त्या कोरड्या हवेतून पडताना अर्धवट वाळतात आणि वाळताना हवेतली उष्णता ओढून घेतात. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. तासाभरात तापमान एका अंशाच्या खाली येतं. त्यात पावसाचा जोर चांगला असेल आणि वारा पडलेला असेल, तर वरून येणारा बर्फ वितळता वितळता उरलीसुरली उष्णताही खाऊन टाकतो. आता गाडीच्या पुढच्या काचेकडे बघा. थेंब आपटून नुसता पसरायचा, तो आता पसरतो तेव्हा मधे एक पांढुरका, मऊ ठिपका राहतो आणि क्षणात विरघळतो. मग रस्त्यावरच्या दिव्याकडे बघा. सगळे थेंब सरळ खाली येत असताना त्यात एखादा कण रेंगाळत, तिरका येताना दिसतो. मग चार, मग चाळीस. पंधरा मिनिटांत पाऊस थांबलेला असतो आणि सगळा बर्फच पडत असतो. अशा वेळी मी कामावर असले तर मिठाच्या गाड्यांचं वेळापत्रक बदलावं लागतं, कारण पावसात टाकलेलं मीठ वाहून गेलेलं असतं आणि आता नव्याने टाकायचं असतं.

हे घडेल की नाही हे ॲपमधलं चिन्ह सांगत नाही, दवबिंदू सांगतो. हवा ३ अंशांची असून दवबिंदू शून्याच्या खाली असेल तर जागं राहण्यात अर्थ आहे. हवा २ अंशांची आणि दवबिंदूही २ असेल तर हवेत वाळायला वावच नाही. तो पाऊस बहुधा रात्रभर पाऊसच राहणार, निवांत झोपा. घराबाहेर सावलीत एक साधा थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारं यंत्र लावा. फोनवरच्या दहा दिवसांपेक्षा ते तुम्हाला जास्त शिकवेल.

आता त्या दहा दिवसांबद्दल. जगातलं सर्वांत नावाजलेलं मध्यम पल्ल्याचं हवामान केंद्र, ईसीएमडब्ल्यूएफ, तुमच्याच गावात आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या या युरोपीय संस्थेचं मुख्यालय रेडिंगच्या शिनफील्ड पार्कमध्ये आहे. तिथले शास्त्रज्ञ पुढचा अंदाज एकदाच काढून थांबत नाहीत. सुरुवातीची स्थिती अगदी किंचित बदलून तोच अंदाज ५१ वेळा काढतात, कारण आज मोजमापात राहिलेली बारीकशी उणीव दहा दिवसांत सगळा नकाशा फिरवू शकते. ५१ अंदाज एकमेकांच्या जवळ राहिले तर भरवसा ठेवायचा, पांगले तर नाही. इंग्लंडमधल्या बर्फाच्या बाबतीत दहाव्या दिवशी ते जवळजवळ नेहमीच पांगलेले असतात. बरीच ॲप त्या पसाऱ्यातून एकच आकडा आणि एकच चिन्ह काढून तुमच्या पुढ्यात ठेवतात. ५१ पैकी पाच-सहांत असलेला बर्फ तुमच्या फोनवर ‘मंगळवारी बर्फ’ होऊन येतो. तुम्हाला खोटी आशा दाखवायचा कुणाचा हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो.

अमेरिकेचं जीएफएस, म्हणजे संगणकावर अंदाज काढणारं मॉडेल, तर दिवसातून चार वेळा चालतं आणि सोळा दिवसांपर्यंतचे नकाशे देतं. म्हणजे आशा लावायच्या आणि मोडायच्या रोज चार संधी. त्यातली एक फेरी इथल्या वेळेप्रमाणे रात्री दहाच्या सुमाराला येते. इथले बर्फवेडे तिला ‘पब रन’ म्हणतात, आणि तिच्यात काहीतरी भव्य दिसलं की रात्री जागवतात. तुम्ही तीनला उठता ते बहुधा त्याच्या पुढच्या फेरीसाठी. ते आजपासून बंद करा, असं मी अगदी आग्रहाने सांगते. युरोपीय मॉडेलची रात्रीची फेरी सकाळी सातपर्यंत हाती आलेली असते. एक सकाळी, एक संध्याकाळी, असं दोनदा बघा. मधल्या काळात नुसतं बघत राहून तुमच्या डोक्यावरचा वारा दिशा बदलत नाही.

आणि किती पुढचं बघायचं त्याला मर्यादा घाला. दहा दिवसांवरच्या नकाशात फक्त एवढं बघा की ग्रीनलंडवर किंवा स्कँडिनेव्हियावर जास्त दाब तयार होतोय का, म्हणजे अटलांटिकचा वारा अडेल का. पाच दिवसांवर बघा की थंड हवा खरंच या बेटावर पोचते का. ओल कुठे येणार हे दोन दिवस आधी कळायला लागतं. पाऊस की बर्फ, हे रेडिंगसारख्या ठिकाणी शेवटच्या सहा-आठ तासांत ठरतं, आणि तेव्हाही कधी कधी निम्म्या गावात एक आणि निम्म्या गावात दुसरं. आमच्या कामात मीठ टाकायचा निर्णय त्याच दिवशी दुपारी होतो आणि रात्रभर सुधारत राहतो, त्याचं कारण हेच आहे. मुलाला तारीख कधीच सांगू नका. ‘या आठवड्यात हवा थंड होतेय, बघू या’ एवढंच सांगा. तारीख सांगितली की वचन होतं.

दर हिवाळ्यात आणखी एक शब्द कानावर येतो: ध्रुवीय भोवरा फुटला. उत्तर ध्रुवावर तीस किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेचे जोरदार वारे गोल फिरत असतात. कधी कधी तिथलं तापमान काही दिवसांत एकदम चढतं, ते वारे मंदावतात, उलटतातही. पुढच्या काही आठवड्यांत त्याचा परिणाम खाली उतरला तर अटलांटिकचा वारा ढिला पडून पूर्वेचा वारा यायची शक्यता वाढते. १२ फेब्रुवारी २०१८ ला असं झालं आणि महिनाअखेर ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’ म्हणून गाजलेली पूर्वेकडची बर्फाळ लाट आली, देश ठप्प झाला. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला झालं आणि ११ फेब्रुवारीला स्कॉटलंडच्या ब्रेमारमध्ये पारा उणे २३ ला गेला. पण जानेवारी २०१९ च्या सुरुवातीलाही असंच झालं होतं. त्या वेळी महिन्याच्या शेवटी दक्षिणेत एखाद-दोन दिवस बर्फ मिळाला आणि मग २६ फेब्रुवारीला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २१.२ अंशांची नोंद झाली, त्या वेळचा ब्रिटनमधल्या हिवाळ्याचा उच्चांक. तेव्हा भोवरा फुटल्याची बातमी वाचून आनंद जरूर व्हावा, पण कपाटातून हातमोजे काढायची घाई नको.

उलट बाजूचं एक उदाहरण आपल्या माणसांना जवळचं वाटेल. २०१९ च्या पावसाळ्यात हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा बरीच गरम आणि पूर्व बाजू गार होती. त्या वर्षी मान्सून हटायलाच तयार नव्हता. परतीची सुरुवात व्हायला ९ ऑक्टोबर उजाडला, तोवरच्या नोंदींत सर्वांत उशिरा. पुढे शास्त्रज्ञांनी मागे वळून पाहिलं तेव्हा दिसलं की हिंदी महासागराच्या त्याच स्थितीने, हवेतल्या लाटांच्या साखळीतून, अटलांटिकवरचा पश्चिमी वारा जोरदार व्हायला हातभार लावला होता. २०१९-२० चा हिवाळा इथे उबदार गेला. फेब्रुवारी २०२० ब्रिटनमधला नोंदीतला सर्वांत पावसाळी फेब्रुवारी ठरला आणि किआरा, डेनिस अशी वादळं एकामागून एक आली. पुण्यात दिवाळीपर्यंत छत्री लागली आणि रेडिंगमध्ये बर्फ आला नाही, या दोन गोष्टींमागे एकाच समुद्राचा हात होता. मला हे कळलं तेव्हा त्या हिवाळ्याबद्दलची माझी नाराजी बरीच निवळली. कारण कळलं की मन शांत होतं, निदान माझं तरी.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सगळ्यात मोठा फरक पडतो तो बर्फाची दारात वाट बघणं सोडून, थोड्या अंतरावर असेल तेव्हा उठून त्याच्याकडे जाण्याने. शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण अर्धा ते एक अंश उतरतं, आणि काठावरच्या दिवसांत तेवढंच पुरतं. रेडिंगमध्ये पाऊस असतो त्या सकाळी चिल्टर्नच्या टेकड्यांवर कितीदा तरी पांढरं झालेलं असतं. डन्स्टेबल डाउन्स २४३ मीटर, वेंडोव्हरजवळची कूम्ब हिल २६० मीटर, दक्षिणेला सरेतली लीथ हिल २९४ मीटर. दोन-तीन जागा आधीच हेरून ठेवा, उन्हाळ्यातच एकदा जाऊन या, गाडी कुठे लावायची ते बघून ठेवा. मग शनिवारी सकाळी सहाला रडारवर सरी दिसल्या की तासाभरात तुम्ही तिथे असाल. बर्फ दहापर्यंत वितळेल, वितळू दे.

वर्षातून एकदा नक्की बर्फ हवाच असेल तर स्कॉटलंड. लंडनच्या यूस्टनहून रात्री निघणारी कॅलिडोनियन स्लीपर सकाळी एव्हिमोरला उतरवते, आणि रात्रभर गाडीत झोपून बर्फात उठणं हा आठ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र सोहळा आहे. एव्हिमोरला बर्फ नसला तरी केर्नगॉर्मच्या स्की केंद्राचा तळ सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे जानेवारी-फेब्रुवारीत बर्फाची शक्यता बरीच चांगली. हमी तिथेही नाही, म्हणून शक्य असेल तर आठवडाभर आधीच बुकिंग करा, सहा महिने आधी नको. डोंगरात वर जायचं तर स्कॉटलंडची हिमस्खलन सूचना सेवा हिवाळ्यात रोज अंदाज देते, तो वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

हेमेल हेम्पस्टेड आणि मिल्टन कीन्सला छताखाली खरा बर्फ बनवून ठेवलेला उतार आहे. काहींना ते नकली वाटतं. मला वाटतं मुलाने तिथे एकदा जरूर घसरावं. पायाखाली बर्फ दबतानाचा आवाज तिथेही तोच येतो. मात्र तुमची आकाशाकडे डोळे लावून बसण्याची भूक त्याने भागणार नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

बर्फ नसलेल्या थंडीकडेही बघायला शिका. जास्त दाबाचं ठाण डोक्यावर असलं की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीतली उष्णता थेट आकाशात जाते आणि गवत हवेपेक्षा कितीतरी गार होतं. हवा ३ अंश असतानाही गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर साचतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, ते हेच. धुकं गोठून झाडांच्या फांद्यांवर वाऱ्याच्या बाजूने काटे वाढलेले मी इथे पाहिले आहेत. उजेड होण्याआधी भिंग घेऊन मुलाबरोबर बाहेर पडा. कुंपणाच्या तारेवरचा एक काटा जवळून बघा: तो पिसासारखा असतो, मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना तिरप्या शाखा. ऊन आलं की पाच मिनिटांत जातो. अशी सकाळ बर्फाच्या तोडीची नाही, पण मुलाच्या लक्षात राहते.

आणि नोंदवही ठेवा. रोज सकाळी नऊला किमान-कमाल तापमान, पाऊस, दव गोठलं का, बर्फ पडला का, साचला का. हवामान खाती सकाळी नऊच का धरतात असं मूल विचारेल. सगळ्यांनी एकाच वेळी बघितलं तरच तुलना करता येते, एवढं सांगा. रेडिंग विद्यापीठाच्या आवारातल्या वेधशाळेतही रोज त्याच वेळी निरीक्षण होतं, तिच्या आकड्यांशी आपले ताडून बघता येतील. देशभरातल्या हौशी निरीक्षकांची क्लायमॅटॉलॉजिकल ऑब्झर्व्हर्स लिंक ही संघटना १९७० पासून चालू आहे. वहीत ‘बर्फ नाही’ असं लिहिलेला दिवसही एक नोंद असतो. वाट बघणाऱ्याचा तो वाया गेलेला दिवस, नोंद करणाऱ्याचा नाही.

पुण्याहून आईचा फोन आला की ‘स्नो पडला का गं?’ आणि टोरोंटोच्या एखाद्या भावाने गुडघाभर बर्फात उभं राहून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की पोटात कालवतं, हे मला ठाऊक आहे. त्या आठवड्यात तो ग्रुप म्यूट करा. त्यात मत्सर नाही, ती स्वतःची काळजी आहे. आणि बर्फ पडावा अशी इच्छा करण्यात अपराधी वाटून घेऊ नका. रस्ते बंद झाले की म्हाताऱ्या माणसांचे, आजाऱ्यांचे हाल होतात, ते मी कामात रोज मोजते. पण आपल्या इच्छेने ढग हलत नाहीत. बर्फ पडला तर शेजारच्या आजींच्या दारातला रस्ता साफ करून द्या, एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र मी गोड करून सांगणार नाही. इथले हिवाळे खरंच उबदार होत चालले आहेत. स्कॉटलंडच्या ब्रेरिआक डोंगरावर, उत्तरेच्या एका खोल घळीत, ‘स्फिंक्स’ नावाचा बर्फाचा ढिगारा आहे. उन्हाळाभर टिकणारा हा देशातला सर्वांत चिवट बर्फ समजला जातो. विसाव्या शतकात तो पूर्ण वितळला तो १९३३, १९५९ आणि १९९६ मध्ये. मग २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१ आणि त्यानंतरही. वर्षांमधलं अंतर बघा. दर शरद ऋतूत काही हौशी माणसं पाठपिशव्या घेऊन चढतात आणि असे उरलेले ढिगारे मोजतात, फुटपट्टीने त्यांची लांबी-रुंदी घेतात. बर्फावर प्रेम असण्याचं हे एक फार खोल रूप आहे असं मला वाटतं. तुमची उदासी निव्वळ एका हिवाळ्याची नसेल, त्यात हेही मिसळलेलं असेल, आणि ते मान्य केलेलं बरं.

यंदाचा हिवाळा मात्र अजून संपलेला नाही. त्याच जुन्या सरासरीत देशात बर्फाचे दिवस डिसेंबरमध्ये ३.९, जानेवारीत ५.३, फेब्रुवारीत ५.६ आणि मार्चमध्ये ४.२. म्हणजे मार्च डिसेंबरपेक्षा सरस, आणि ईस्टर लवकर आला तर तो नाताळापेक्षा. २०१३ चा मार्च तर त्या मोसमातल्या डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीहूनही थंड होता. ६ एप्रिल २००८ ला लंडन आणि आग्नेय इंग्लंड सकाळी पांढरं होतं. बक्स्टनला डर्बीशर आणि लँकेशरच्या सामन्यात क्लाइव्ह लॉइडने शनिवारी नाबाद १६७ धावा ठोकल्या आणि सोमवारी, २ जून १९७५ ला, मैदानावर बर्फ पडून खेळच झाला नाही.

आता शाळेची हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी येतेय, तर असं करा. मुक्कामाचं काही ठरवू नका. बुधवारी संध्याकाळी वेल्सच्या डोंगरांचा अंदाज बघा. वायव्येचा किंवा उत्तरेचा वारा आणि सरी असतील तर गुरुवारी सकाळी सहाला ब्रेकन बीकन्सकडे निघा. ए४७० रस्त्यावर स्टोरी आर्म्सपाशी तुम्ही चारशे मीटरच्या वर असता, आणि रस्त्यालगतच घसरायला पुरेसा उतार आहे. मुलाला घेऊन पेन-अ-व्हॅनच्या माथ्यावर जायचा मोह टाळा, ८८६ मीटरवर हवा वेगळीच असते. गाडीत ब्लँकेट, फावडं, थर्मास आणि एकेक जास्तीचा पायमोज्यांचा जोड ठेवा. रस्ता बंद असल्याची सूचना असेल तर अर्ध्या वाटेतून मागे फिरा. आणि दुपारी तीनच्या आत परतीला लागा. साडेपाचला सूर्य मावळतो आणि दिवसभर वितळलेलं पाणी त्यानंतर तासाभरात रस्त्यावर गोठायला लागतं.